बारावा अभिप्राय

सर्जनसाहेबांना शिकायला पाठवायचं ठरलं ते एका चिमट्यामुळे. ऑपरेशन चालू असताना त्यांनी मागितला वाकडा चिमटा, आणि हातात पडला सरळ. त्यांनी तो असा काही भिरकावला की भिंतीवरच्या घड्याळाची काच फुटली. तसं पाहिलं तर तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी याहून मोठे आवाज केले होते. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्या पाठीमागे त्यांना 'तोफ' म्हणत आणि त्यांच्या येण्याची वर्दी "तोफ निघाली" अशीच दिली जाई. पण आजवर फुटली होती ती माणसं. ती कुठल्या नोंदवहीत नसतात. घड्याळ होतं. त्यामुळे कागद तयार झाला आणि तो रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या टेबलावर जाऊन पडला.

अधीक्षक मूळचे त्वचारोगाचे डॉक्टर. पंधरा वर्षांत त्यांनी फायलींखेरीज कशाची त्वचा तपासली नव्हती. आवाज मात्र मलमासारखा मऊ.

"तुमच्या हाताला तोड नाही," ते म्हणाले. "फक्त तोंडाचं काहीतरी बघायला हवं."

"काय बघायचंय?"

"पुढच्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. तुमचाच हक्क आहे तिच्यावर. पण आता नवा नियम आलाय, त्या खुर्चीसाठी नेतृत्वाची पदव्युत्तर पदविका लागते."

"मी तीस वर्षं नेतृत्वच करतोय की!"

"म्हणून तर. आता त्याचं प्रमाणपत्र घेऊन टाका."

अशा रीतीने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी सर्जनसाहेब दर शनिवारी पाठीला पिशवी लावून वर्गात जाऊ लागले. अभ्यासक्रमाचं नाव होतं 'आरोग्यसेवेतील परिवर्तनशील नेतृत्व'. वर्गात बावीस जण होते, सगळे आपापल्या जागी मोठे आणि सगळे कुणी ना कुणी ढकललेले. साहेबांच्या शेजारी एक दंतवैद्य बसत. ते पहिल्याच दिवशी कानाशी लागून म्हणाले, "घाबरू नका. इथे कुणी नापास होत नाही, फक्त दमतं."

शिकवणारे प्राध्यापक उंच, गोरे, गालाशी मायक्रोफोन चिकटवून फिरणारे. त्यांनी आयुष्यभर रंगाच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांतल्या साहेब लोकांना नेतृत्व शिकवलं होतं. रुग्णालयात ते एकदाच गेले होते, जन्माला. रक्त दिसलं की त्यांना घेरी येई, हे त्यांनी मोठ्या मोकळेपणाने सांगून टाकलं आणि त्याला 'स्वतःच्या मर्यादांची ओळख' असं नाव दिलं. पहिल्या शनिवारी त्यांनी सगळ्यांकडून कागदी कपांचा मनोरा रचून घेतला. दुसऱ्या शनिवारी डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना खोलीभर फिरवायला लावलं. तिसऱ्या शनिवारी विचारलं, "मित्रहो, तुमच्यातला नेता कोणता प्राणी आहे?"

दंतवैद्यांनी डॉल्फिन लिहिलं. साहेबांनी "मनुष्य" लिहिलं आणि त्यांना दहापैकी तीन गुण मिळाले.

घरी त्यांच्या पत्नीला याची भारी मजा वाटे. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. जन्मभर दुसऱ्यांचे गृहपाठ तपासून दमलेल्या बाईला स्वतःचा नवरा जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करताना बघायला मिळणं म्हणजे पर्वणीच.

"आज काय दिलंय?"

"चिंतनवही लिहायची. या आठवड्यात मी कुणाचं मनापासून ऐकलं, यावर."

"मग?"

"मग काय? कोरी आहे," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण चावत बसले.

दुसऱ्या सहामाहीत 'चौफेर अभिप्राय' नावाचा प्रकार आला. आपल्याबरोबर काम करणाऱ्या बारा जणांनी एक फॉर्म मोबाइलवर भरायचा. नाव कुठेही येणार नाही आणि सगळे फॉर्म थेट प्राध्यापकांकडे जाणार. मग ते त्याचे रंगीत आलेख काढून देणार. साहेबांनी थिएटरच्या कारकुनाला बारा माणसं गोळा करायला सांगितलं आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

महिन्याभराने आलेख हातात पडले. अकरा जणांनी त्यांना सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच दिले होते. 'शांतपणे ऐकून घेतात' या रकान्यातसुद्धा पाचपैकी पाच! साहेबांना जरा गुदगुल्या झाल्या. बाराव्याने एकाही रकान्याला हात लावला नव्हता. फक्त शेवटी, 'आणखी काही सांगायचे असल्यास' या चौकटीत तीन ओळी होत्या:

"एकदा मोजणीत घोळ झाला होता. तेव्हा मला दिसलं होतं ते सांगायचं होतं. साहेबांनी तोंड उघडू दिलं नाही म्हणून गप्प राहावं लागलं."

साहेबांनी त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉजचे तुकडे वापरतात. आत जाताना मोजायचे, पोट शिवण्याआधी मोजायचे, शिवल्यावर पुन्हा मोजायचे. एक जरी कमी भरला तरी त्याचा अर्थ एकच असू शकतो, आणि तो अर्थ कुठल्याही सर्जनला स्वप्नातसुद्धा नको असतो. माणूस घरी जातो, महिन्या-दोन महिन्यांनी पोट फुगतं, ताप येतो, आणि आत सापडतो कुजलेला गॉज. आणि इथे कुणीतरी लिहीत होतं की घोळ झाला, मला दिसलं आणि मी बोललो नाही!

शनिवारपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला. वर्ग सुटताच त्यांनी प्राध्यापकांना गाठलं.

"सर, कुणाच्या तरी पोटात गॉज राहिला असेल."

"सुंदर!" प्राध्यापक म्हणाले. "ही अस्वस्थता जपा. फार मोलाची असते ती."

"जपू कसली? मला ज्याने हे लिहिलं तो माणूस हवाय. कुठला पेशंट ते विचारायचंय."

"ते शक्य नाही. गोपनीयता हा तर आपला पाया आहे. तुम्ही असं करा, या अनुभवावर पंधराशे शब्दांचा निबंध लिहा. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत."

"आणि पोटातला गॉज?"

प्राध्यापकांनी क्षणभर डोळे मिटून विचार केला. "तो परिशिष्टात घाला," ते म्हणाले.

सोमवारी साहेबांनी थिएटरच्या सहा वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. स्वतः बसून, चष्मा पुसत पुसत, पानन् पान वाचलं. मोजणीत फरक पडल्याच्या तीन नोंदी सापडल्या. दोन वेळा गॉज लगेच मिळाला होता, एकदा चादरीच्या घडीत आणि एकदा बादलीच्या तळाशी. तिसरी नोंद त्यांना पक्की आठवत होती. दीड वर्षापूर्वी एका शिंप्याच्या आतड्याचं ऑपरेशन होतं. शिवण्याआधीच्या मोजणीला साहेब थांबले नव्हते, आणि शिवून झाल्यावर एक गॉज कमी भरला. गॉजमध्ये विणलेला खास दोरा एक्सरेत दिसतो, पण एक्सरेवाला येईपर्यंत थांबणं साहेबांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी घातलेले टाके उसवले, पोट पुन्हा उघडलं, पाऊण तास आत शोधलं. काही मिळालं नाही. मागाहून काढलेल्या एक्सरेतही काही दिसलं नाही. तेव्हा साहेबांनी निकाल दिला की पाकिटातच दहाच्या ऐवजी नऊ आले होते. त्यांनी गॉज पुरवणाऱ्या कंपनीला असं खरमरीत पत्र लिहिलं की कंपनीने घाबरून माफी मागितली आणि गॉजचा एक खोका फुकट पाठवून दिला. थिएटरच्या मोठ्या सिस्टर छातीठोकपणे सांगत होत्या की मी दहा मोजून घेतले होते. पण पाकीट उघडताना नीट मोजलं नाही, असा ठपका ठेवून साहेबांनी त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला. बावीस वर्षांच्या नोकरीतला त्यांचा तो पहिला खुलासा.

म्हणजे या तिन्हींत तर काही राहिलं नव्हतं. मग चौथा घोळ कुठला? जो वहीत चढलाच नाही तो? तसं असेल तर सहा वर्षांतल्या सगळ्याच पोटांवर संशय.

शेवटी त्यांनी थिएटरच्या सगळ्या माणसांना बोलावलं. भूल देणाऱ्या मॅडम, सिस्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी असे सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. साहेबांनी मनाशी ठरवलं होतं की आज अगदी प्रेमाने बोलायचं.

"हे बघा," ते म्हणाले, "कुणीतरी माझ्याबद्दल एक गोष्ट लिहिलीय. ज्याने लिहिलं त्याने निर्भयपणे पुढे यावं."

कुणी हललं नाही.

"मी रागावणार नाही."

कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

"अरे, मी रागावणार नाही म्हणून सांगतोय ना!" साहेब एवढ्या मोठ्याने गरजले की शेजारच्या खोलीत नळीने सलाइन घेत पडलेल्या एका आजोबांनी "काय झालं हो?" म्हणून हाक मारली.

मग एकेकाने शपथा घ्यायला सुरुवात केली. मी तर पाचपैकी पाच दिले, साहेब. मीही. मी तर सहा देणार होतो, पण मोबाइल घेईना. साहेबांनी मोजलं, पाच दिल्याचं सांगणारे चौदा भरले. फॉर्म होते बारा.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं पत्नीला सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई वह्या तपासत होत्या. लाल पेन बाजूला ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

"अहो, तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर आरोपींची ओळखपरेड घेतलीत."

"मग काय करायचं होतं मी?"

"वर्गात प्रश्न विचारला की मी काय करते माहितेय? गप्प बसते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. चारपर्यंत आले की जीभ नुसती वळवळते, वाटतं आपणच उत्तर सांगून मोकळं व्हावं. पण थांबलं की सातच्या आसपास कुठलं तरी पोर हात वर करतं. ते पोर कधीच पहिल्या बाकावरचं नसतं."

"दहापर्यंत," साहेब म्हणाले.

"दहापर्यंत. आणि चेहरा असा नाही करायचा."

"असा म्हणजे कसा?"

"आत्ता आहे तसा."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी नवीनच सुरू केलं. पोट शिवायला घेण्याआधी सुई खाली ठेवायची आणि म्हणायचं, "कुणाला काही सांगायचंय?" मग गप्प उभं राहायचं. पहिल्या दिवशी मॅडमना वाटलं साहेबांना चक्कर येतेय. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या दिवशी साहेब सातपर्यंत आलेले असताना तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, एसी फार थंड आहे."

साहेबांच्या कानशिलाची शीर टरारली. पण ते म्हणाले, "बरं. कमी करा."

तेवढ्यावरून बांध फुटला. कुणी म्हणालं दिवा डोळ्यांवर येतो. भूलवाल्या मॅडमनी सांगितलं की साहेब काम करताना जे गुणगुणतात ते एकाच सुरात असतं आणि त्याने डोकं उठतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या की तुम्ही दोन वस्तू एकदम मागता आणि मग एकच हात पुढे करता. साहेब घरी येऊन या तक्रारी पत्नीपुढे वाचून दाखवत आणि दात ओठ खात. त्या म्हणत, "आता चिंतनवही भरतेय बघा." गॉजबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

दुसरा आठवडा संपत आला तेव्हाची गोष्ट. थिएटरबाहेर जिथे चपला बदलतात तिथे सफाईच्या मावशी रबरी चपला धूत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, सदा खाली बघून चालणाऱ्या. बारा वर्षं त्या इथे लादी पुसत होत्या आणि बारा वर्षांत साहेबांनी त्यांना "बादली" आणि "सरका" याखेरीज तिसरा शब्द ऐकवला नव्हता. साहेब चपला काढून निघाले तशा त्या उठून उभ्या राहिल्या. हाताला साबणाचा फेस.

"साहेब, ते मोबाइलवरचं मी लिहिलं होतं."

साहेब जागच्या जागी थांबले.

"एक माणूस कमी पडत होता म्हणून कारकूनभाऊंनी मला फॉर्म दिला. मला ते रकाने काही कळले नाहीत. मी सांगितलं ते सुनेनं लिहिलं. चुकलं असेल तर..."

"मावशी," साहेबांनी विचारलं, "कुणाच्या पोटात राहिलाय तो?"

"पोटात?" मावशी चक्रावल्या. "पोटात कुठे? तो तुमच्या चपलेला होता."

"काय?"

"त्या शिंपीदादांच्या वेळी. तुम्ही पाय मागे घेतला तेव्हा मी खाली पुसत होते. टाचेखाली चिकटलेला, रक्तात भिजून पार काळा झालेला. मी 'साहेब' म्हणाले. तुम्ही ओरडलात, एक शब्द नकोय मला इथे. मी पुन्हा म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, हिला बाहेर काढा. मी बाहेर गेले. मागून चपला धुवायला आल्या तेव्हा मीच तो सोलून काढला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तोवर तुम्ही कंपनीला पत्र सांगत होतात, साहेब. फार रागात होतात. माझं काम कंत्राटावरचं. म्हटलं, पेशंट तर सुखरूप आहे." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "पण सिस्टरबाईंना लेखी द्यावं लागलं, तेव्हापासून मला बरं वाटत नव्हतं. त्यांनी दहाच मोजले होते. दहाच होते."

साहेब तिथल्या बाकावर बसले. पहिल्यांदा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. कुणाच्या पोटात काही नाही! जवळजवळ हसू फुटलं. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. गॉज स्वतःच्या टाचेखाली तुडवत ते पाऊण तास दुसऱ्याच्या पोटात शोधत होते. त्या पोटाचा काहीएक दोष नव्हता. त्यांना आठवलं की त्या शिंप्याची जखम नंतर पिकली होती. किती दिवस राहिला होता तो वॉर्डात? ते त्यांना आठवेना. तो त्यांनी वॉर्डाच्या डॉक्टरांवर सोपवला होता.

"मावशी, बसा," ते म्हणाले.

"मी उभीच बरी."

"बसा हो," साहेब म्हणाले, आणि त्यात आवाज नव्हता म्हणून मावशी बसल्या.

त्याच दुपारी साहेब मोठ्या सिस्टरांकडे गेले आणि त्यांचा खुलासा फाइलमधून काढून त्यांच्या हातात दिला. काय झालं ते सांगितलं. सिस्टरांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "दीड वर्ष मी घरी येताना पायऱ्यासुद्धा मोजत होते, साहेब. वाटायचं खरंच आपलं मोजणं गेलं की काय." साहेबांना वाटलं, यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिंप्याचं दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दोन मशीनपैकी एकावर कापड झाकून ठेवलेलं. शिंपी काउंटरमागे उभ्यानेच काज करत होता. साहेबांना बघून त्याने आधी मापाची टेपच उचलली.

"कपडे शिवायचे नाहीत," साहेब म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चपलेपासून पत्रापर्यंत काहीही वगळलं नाही.

शिंपी ऐकत राहिला. सुईतला दोरा ओढायचा राहून गेला.

"म्हणजे चांगलं शिवलेलं उसवलंत आणि पुन्हा शिवलंत."

"हो."

"उगाच."

"उगाच."

"मी दोन महिने पडून होतो," शिंपी म्हणाला. "शाळांचे गणवेश दरवर्षी माझ्याकडे यायचे. त्या वर्षी परत पाठवले. शाळांनी तयार कपड्यांचं दुकान धरलं, ते अजून तिथेच आहेत. आता टाक्यांच्या जागी हा एवढा फुगा येतो. मशीनवर बसलं की दुखतं, म्हणून उभ्याने हातशिलाई करतो." त्याने सदरा वर करून दाखवला. साहेबांना बघताक्षणी कळलं. ज्या पोटाचे टाके एकदा उसवतात त्यात पुढे कधीकधी असा हर्निया होतो.

"तुम्ही मला हे का सांगताय?" शिंप्याने विचारलं. "कुणी पकडलं का तुम्हाला?"

"नाही. मी एक कोर्स करतोय. त्यातून निघालं हे."

"कसला कोर्स?"

"पुढारीपणाचा," साहेब म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

शिंप्याने टेप गुंडाळली. "मी तक्रार देणार," तो म्हणाला.

"द्या. मीच लिहून देतो. माझं अक्षर तुम्हाला लागणार नाही, टाइप करून देतो."

तक्रार पोचली त्या दिवशी अधीक्षकांचा मऊ आवाज पहिल्यांदा चिरका झाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो जाऊन सांगायला?"

"तुम्हीच ना मला कोर्सला पाठवलंत? तिथे पारदर्शकतेवर दोन शनिवार घालवले."

"अहो, ती वर्गातली पारदर्शकता! ती काय घेऊन बाहेर पडायची असते?" अधीक्षकांनी कपाळ दाबलं. "आणि ही मावशी कोण? ती का बोलली? तिचं कंत्राट..."

"तिच्या कंत्राटाला हात लागला तर दुसरी तक्रार मी देईन," साहेब म्हणाले. ओरडून नव्हे. अधीक्षकांना नंतर वाटत राहिलं की ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्यावर त्यांच्याकडे फॉर्म होता.

चौकशी समिती बसली. तिने चार बैठका घेतल्या, सर्जनसाहेबांना लेखी समज दिली आणि थिएटरच्या सगळ्या चपला एकाच रंगाच्या असाव्यात अशी शिफारस केली. शिंप्याच्या हर्नियाचं ऑपरेशन रुग्णालयाने आपल्याकडून करून द्यायचं ठरलं. विभागप्रमुखाची खुर्ची साहेबांना मिळाली नाही. ती त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका सहकाऱ्याला मिळाली. तो कधीच ओरडत नसे, आणि थिएटरमध्येही फारसा येत नसे.

साहेबांनी निबंध मात्र वेळेत दिला. घडलं तसं लिहिलं, पत्नीने शुद्धलेखन बघून दिलं. शंभरपैकी एकेचाळीस गुण पडले. प्राध्यापकांनी समासात लिहिलं होतं: "लेखन प्रामाणिक आहे. परंतु नेतृत्वाच्या कोणत्याही मान्य प्रारूपाचा आधार घेतलेला नाही. निष्कर्ष एकाच सफाई कर्मचाऱ्यावर बेतलेले असून नमुना अपुरा आहे. चपलेचे प्रयोजन स्पष्ट होत नाही." दंतवैद्यांना ब्याण्णव मिळाले आणि त्यांचा निबंध वर्गात वाचून दाखवण्यात आला. त्यांनी आपल्या दवाखान्यात राबवलेल्या 'मुक्त संवाद सप्ताहा'बद्दल लिहिलं होतं.

"कधी राबवलात हो?" साहेबांनी विचारलं.

"राबवायला वेळ कुठे होता?" दंतवैद्य म्हणाले. "निबंध लिहायचा होता ना."

शिंप्याच्या ऑपरेशनआधी एक अडचण उभी राहिली. रुग्णालयाने त्याला पसंतीचा सर्जन निवडायला सांगितलं होतं. त्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "यांनीच करावं. आतली उसवण-शिवण कुठे आहे ते यांनाच ठाऊक. पण ती बाई तिथे उभी पाहिजे. आणि तिला कुणी बाहेर काढायचं नाही."

हे लेखी घेतलं गेलं. संमतीपत्राच्या छापील मजकुराखाली हाताने ओळ वाढवली आणि खाली मावशींचीही सही घेतली. अशी सही कुठल्या रकान्यात घ्यायची यावर कार्यालयात अर्धा दिवस वाद झाला.

ऑपरेशन सकाळी होतं. मावशी डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून कोपऱ्यात उभ्या राहिल्या, हातात काहीच नाही म्हणून हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. काम दीड तास चाललं. मध्ये एकदा साहेब तंत्रज्ञावर ओरडले, सवयीने. लगेच थांबले, म्हणाले, "नाही, तुझं बरोबर होतं." शिवायला घेण्याआधी सुई खाली ठेवली आणि विचारलं. मोठ्या सिस्टरांनी गॉज मोजले, मोठ्याने. दहा.

"मावशी?" साहेब म्हणाले.

मावशींनी वाकून टेबलाखाली पाहिलं, बादलीत पाहिलं, सगळ्यांच्या पायांशी एक फेरी मारली. भूलवाल्या मॅडमनी आपण होऊन चपला उचलून दाखवल्या. या सगळ्याला चांगली तीन-चार मिनिटं गेली. साहेब हात वर धरून उभे होते. मास्कच्या वर त्यांची शीर स्पष्ट दिसत होती.

"शिवा," मावशी म्हणाल्या.

दहा दिवसांनी शिंपी टाके काढायला आला. साहेबांनी स्वतः काढले. जखम कोरडी होती, सरळ होती. साहेबांच्या मते ती त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या शिलाईंपैकी एक होती. शिंप्याने आरसा मागून घेतला आणि मान तिरकी करून पोटाकडे बराच वेळ पाहिलं, गिऱ्हाइकाच्या मापाकडे बघावं तसं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "खालचे दोन जरा घाईत घातलेत."

सिस्टरांनी डोळे मिटले. साहेबांचा चेहरा कानांपर्यंत तांबडा झाला. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला आणि खाली वाकले.

"कुठले दोन?" त्यांनी विचारलं.